ईदनंतरचे अकरा महिने

मगरिबच्या अजानला पाच मिनिटे होती. पिरंगुटजवळच्या खालाच्या घरी दस्तरखान मांडला होता. खजूर, पपईच्या फोडी, कांदाभजी, चण्याची उसळ आणि गुलाबी सरबताचा जग. घरातली सगळी माणसे खजूर हातात धरून बसली होती. माझी खाला म्हणजे अम्मीची थोरली बहीण. वय अडुसष्ट. तीही हातात अर्धा खजूर घेऊन थांबली होती. तिचा रोजा नव्हता. दुपारी ती जेवली होती, वेळेवर गोळी घेतली होती. तरी सगळ्यांबरोबर तिने दुआला हात उचलले.

सहा वर्षांची नात म्हणाली, "दादी, तुम्हारा तो रोजाच नै ना!"

खाला हसली. "रोजा नै बेटा, पर दुआ तो हैच ना."

हे हसू तिला सहज आलेले नाही. त्यासाठी एक वाईट दुपार आणि त्यानंतरची दोन वर्षे जावी लागली. ती गोष्ट तिच्या परवानगीने इथे सांगते आहे. कारण अशी एक खाला, एक मावशी, एक आत्या तुमच्याही घरात असण्याची शक्यता फार मोठी आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले, तेव्हा देशात मधुमेह असलेल्यांची संख्या सुमारे १० कोटी १० लाख असल्याचे दिसले. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेले आणखी सुमारे १३ कोटी ६० लाख.

अकराव्या रोजाची दुपार

खालाला शुगर होऊन तेव्हा नऊ वर्षे झाली होती. सकाळ-संध्याकाळ गोळ्या होत्या. रमजान आला की ती सकाळची गोळी सहरीला घ्यायची आणि रात्रीची इफ्तारनंतर. गोळ्या त्याच, प्रमाणही तेच. रमजानपूर्वी डॉक्टरांना विचारावे लागते, गोळीचे प्रमाण आणि वेळ बदलून घ्यावी लागते, हे तिला कुणी सांगितले नव्हते. तिनेही कुणाला विचारले नव्हते.

दोन वर्षांपूर्वी अकराव्या रोजाला दुपारी चारच्या सुमारास घरात ती एकटी होती. अंगाला दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले, डोळ्यांपुढे अंधारी आली. ती भिंतीला टेकून बसून राहिली. इफ्तारला अडीच तास उरले होते. तेवढे काढू, असे तिने मनाशी ठरवले.

शेजारच्या आक्का दळण विचारायला आल्या म्हणून कळले. आक्का वारकरी घरातल्या. एकादशी कधी न चुकवणाऱ्या, आणि बारा वर्षे शुगरच्या गोळ्या घेणाऱ्या. त्यांनी एका नजरेत ओळखले. स्वयंपाकघरात जाऊन पेलाभर पाण्यात तीन चमचे साखर ढवळली आणि खालासमोर धरली.

"रोजा आहे, आक्का."

"रोजा पुन्हा धरशील भाभी. आज जीव धर."

खाला प्यायली. पंधरा मिनिटांत थरथर थांबली. मग मात्र ती रडली. शुगर खाली गेली याचे तिला काही वाटले नव्हते. आयुष्यात पहिल्यांदा रोजा तुटला, याचे वाटले होते. तिने आक्कांकडून वचन घेतले की घरात सांगायचे नाही. आक्कांनी वचन दिले आणि संध्याकाळी खालाच्या सुनेला सगळे सांगितले. आजही खाला म्हणते, आक्कांनी तेवढे एकच वचन मोडले आणि बरे केले.

सवलत कुणाची, अपराध कुणाचा

रोजा हे इस्लामच्या पाच स्तंभांपैकी एक. पण ज्या सूरह अल-बकरामध्ये रोजाचा आदेश आहे, तिथेच लागून आजारी माणसाला आणि प्रवाशाला सवलत आहे. राहिलेले रोजे नंतर पूर्ण करावेत. ज्याला ते कधीच झेपणार नाहीत, त्याने प्रत्येक रोजाबद्दल एका गरजूच्या जेवणाची सोय करावी. याला फिदया म्हणतात. अल्लाहला माणसासाठी सोपेपणा हवा आहे, अडचण नको, असा त्या आयतींचा भाव आहे.

हे खालाला माहीत नव्हते असे नाही. लहानपणी मदरशात तीही हे शिकली होती. पण माहीत असणे वेगळे आणि घरातल्या सगळ्यांचा रोजा असताना एकटीने दुपारी ताट वाढून घेणे वेगळे. म्हाताऱ्या बाईला तिथे लाज आडवी येते. मुलगा काय म्हणेल, सून काय म्हणेल, गल्लीतल्या बाया काय म्हणतील. मशिदीच्या मौलानांकडे तिला घेऊन गेलो, तेव्हा त्यांनी सरळ सांगितले: डॉक्टर नको म्हणत असतील तर रोजा ठेवू नका, फिदया द्या, मनात काही ठेवू नका. ते ऐकल्यावर तिच्या खांद्यावरचे ओझे उतरताना आम्ही पाहिले. हीच गोष्ट मुलांनी आधी सांगितली असती, तर ती दुपार कदाचित टळली असती.

आक्कांच्या घरी प्रश्न उलट्या बाजूने येतो. 'एकादशी दुप्पट खाशी' ही म्हण आपण हसत म्हणतो. साबुदाण्याची खिचडी, बटाटा, रताळे, वऱ्याचे तांदूळ, वरून गोड दही. उपवासाच्या दिवशी आक्कांची शुगर एरवीपेक्षा जास्त भरते. एकीची उपाशी राहून खाली जाते, दुसरीची फराळ करून वर जाते. दोघींच्या डॉक्टरांनी मात्र त्यांना एकच वाक्य सांगितले होते: "पथ्य पाळा."

तेरा-चौदा तास

सध्या रमजान फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास येतो. आपल्याकडे रोजा साधारण तेरा-चौदा तासांचा असतो. निरोगी माणसाचे शरीर एवढा वेळ साठवलेली साखर वापरून नेते. मधुमेहात मात्र गोळी किंवा इन्सुलिन आपले काम करत राहते आणि पोटात काही नसते. म्हणून साखर घसरते.

हा धोका किती, याचा मोठा अभ्यास २००१ मध्ये १३ देशांत झाला. त्यात १२ हजारांहून अधिक मधुमेही मुस्लिमांची माहिती घेतली गेली. प्रौढ वयात होणाऱ्या, म्हणजे टाइप-२ मधुमेहाच्या ७९ टक्के रुग्णांनी किमान पंधरा रोजे ठेवले होते. याच गटात रमजानमध्ये साखर गंभीररीत्या खाली जाण्याचे प्रमाण एरवीच्या साडेसात पट झाले होते. लोक रोजे ठेवणारच, मग ते सुरक्षित कसे करायचे, हा विचार त्यातूनच पुढे आला. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने त्यासाठी २०१६ मध्ये मार्गदर्शिका काढली आणि २०२१ मध्ये ती सुधारली. तिचे सार साधे आहे. रमजानच्या सहा ते आठ आठवडे आधी डॉक्टरांना भेटा. वय, औषधे, मूत्रपिंड, हृदय, आधी साखर खाली गेली होती का, हे सगळे पाहून धोका ठरतो. नुसती मेटफॉर्मिन घेणाऱ्याचा धोका कमी. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याचा जास्त. ज्यांना जमेल त्यांनी औषधाचे प्रमाण आणि वेळ बदलून घेऊन रोजे ठेवावेत. ज्यांना जमणार नाही, त्यांना तसे स्पष्ट सांगावे.

दोन आकडे प्रत्येक घराने लक्षात ठेवावेत. साखर ७० च्या खाली गेली किंवा ३०० च्या वर गेली, तर रोजा तिथेच सोडायचा. इफ्तारला दहा मिनिटे उरली असली तरी. बोटाला टोचून साखर तपासल्याने रोजा तुटत नाही, हे उलेमांनी आणि डॉक्टरांनी वारंवार सांगितले आहे. तरीही रोजात मशीन हातात घ्यायला कितीतरी बाया घाबरतात.

शेत गेले, भात राहिला

खालाचे माहेर आणि सासर दोन्ही मुळशीतले. तिच्या तरुणपणी पावसाळ्यात गुडघाभर चिखलात वाकून भाताची लावणी व्हायची. विहिरीचे पाणी डोक्यावर यायचे, सरपण रानातून यायचे. आंबेमोहराचा भात दोन वेळा पोटभर खाल्ला तरी दिवसभराच्या कष्टात तो जिरून जायचा. वरच्या वाड्यांत नाचणी आणि वरई असायची.

मग तालुका बदलला. हिंजवडी-माणला आयटी पार्क आले, पिरंगुटला कारखाने आले, भूगाव-भुकूमला इमारती उभ्या राहिल्या. भातखाचरांचे प्लॉट झाले. घरात नळ आला, गॅस आला, मिक्सर आला. ही सुखाची गोष्ट आहे, तिच्याबद्दल तक्रार नाही. पण जी बाई चाळीस वर्षे वाकून राबली, ती साठीनंतर प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसली. ताटातला भात तेवढाच राहिला. त्यात गुडघे दुखू लागले, पाळी गेल्यावर पोटाचा घेर वाढला, दंडा-मांड्यांतले मांस कमी झाले. साखर वापरणारा सगळ्यात मोठा अवयव म्हणजे स्नायू. तो आटला की साखर रक्तातच राहते.

"मी तर काडी आहे, मला कशी शुगर?" असे आक्का आजही म्हणतात. त्याचे उत्तर आपल्या पुण्यातच शोधले गेले. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी १९९३ पासून पुणे जिल्ह्यातल्या सहा गावांत आई आणि बाळांचा अभ्यास करत आले. इथली बाळे जन्मतः वजनाने कमी असतात, पण त्यांच्या अंगात चरबीचे प्रमाण तुलनेने जास्त असते, असे त्यांना आढळले. २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. युडकिन यांचा एक फोटो छापून आला. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे, बीएमआय २२.३. पण अंगातली चरबी युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के. वरून बारीक दिसणारे आपण आतून तसे असतोच असे नाही.

गोळी मिळते, सोबत मिळत नाही

सरकारी व्यवस्थेत काहीच नाही असे म्हणणे खोटे ठरेल. तीस वर्षांवरील प्रत्येकाची रक्तदाब आणि मधुमेहाची तपासणी करण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम आहे. आशाताई घरोघर फॉर्म भरून घेतात. उपकेंद्रात साखर तपासली जाते, प्राथमिक आरोग्य केंद्रात गोळ्या मोफत मिळतात. तालुक्याला पौडचे ग्रामीण रुग्णालय आहे. खालाच्या गोळ्या आज तिथल्याच व्यवस्थेतून येतात.

पण मधुमेह गोळीच्या पुडीत मावत नाही. महिन्यातून एक दिवस डॉक्टर भेटतात, उरलेले एकोणतीस दिवस बाई एकटी असते. त्या दिवसांत रोज ठरवायचे असते: भात किती घ्यायचा, दुखऱ्या गुडघ्याने चालायचे कसे, लग्नातल्या जिलेबीला नको कसे म्हणायचे, उरलेले अन्न वाया जाऊ नये म्हणून आपण खायचे की नाही. आपल्याकडे शेवटी जेवणारी आणि उरलेसुरले संपवणारी तीच असते. सहरीसाठी चारला उठणारीही तीच.

ओरेगन हे अमेरिकेतले राज्य. तिथल्या एका संशोधन संस्थेने पाळी गेलेल्या आणि टाइप-२ मधुमेह असलेल्या २७९ बायकांबरोबर नेमक्या याच प्रश्नावर काम केले. काहींना नेहमीचे उपचार दिले. बाकीच्यांना आधी तीन दिवस एकत्र शिकवले आणि नंतर सहा महिने दर आठवड्याला चार तास एकत्र बोलावले. एक तास व्यायाम, एक तास मन शांत करण्याचा सराव, एक तास प्रत्येकीने घरून करून आणलेले जेवण एकत्र बसून खायचे, आणि एक तास आपापल्या अडचणी बोलायच्या. त्यानंतरही पाठपुरावा चालू ठेवला. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार खाण्याच्या, चालण्याच्या आणि ताण सांभाळण्याच्या सवयींतली सुधारणा दोन वर्षांनंतरही बऱ्याच अंशी टिकून होती.

हे वाचताना मला इफ्तारची आठवण झाली. ठरलेली वेळ, एकत्र बसणे, एकमेकींच्या ताटाकडे लक्ष असणे, आणि उद्या पुन्हा यायचे हे माहीत असणे. तीस दिवस आपण माणसाला कधीही न जमणारी गोष्ट करून दाखवतो: पहाटे उठतो, दिवसभर पाणीही पीत नाही, रात्री तरावीहला उभे राहतो. एकट्याने ते फार थोड्यांना जमेल. सगळे करतात म्हणून जमते. ईदच्या दुसऱ्या दिवशी ही सोबत संपते आणि बाई पुन्हा एकटी पडते. आषाढीनंतर आक्कांचेही तेच होते. वारीत त्या मैलोन्‌मैल चालतात. घरी परतल्या की शंभर पावलेसुद्धा जड होतात.

गुरुवारची बैठक

त्या दुपारनंतर आक्का आणि खालाने एक गोष्ट ठरवली. सकाळी साडेसहाला दोघींनी निघायचे. आधी कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत, मग शाळेपर्यंत. आता अर्धा तास चालतात. एकीला कंटाळा आला तरी दुसरी फाटकाशी येऊन उभी असते, त्यामुळे दोघींनाही घरी बसता येत नाही. पुढे त्यांच्या बचत गटातल्या आणखी चौघी आल्या. गटाची गुरुवारी बैठक असायचीच. हप्ते झाले की अर्धा तास शुगरसाठी ठेवला.

त्या अर्ध्या तासात मोठे काही होत नाही. गटाच्या पैशातून एक ग्लुकोमीटर घेतले आहे. मशीन एक, पण टोचायची सुई प्रत्येकीची नवी. सुई वाटून घेणे म्हणजे दुसरे आजार वाटून घेणे, हे आशाताईंनी पहिल्याच दिवशी बजावले. आकडा वहीत लिहितात. मग खुर्चीतून हाताचा आधार न घेता दहा वेळा उठायचे आणि बसायचे. पहिल्या आठवड्यात खालाला तीन वेळाच जमले होते. मग पायांचे तळवे एकमेकींना दाखवायचे, कारण मधुमेहात पायाची जखम दुखत नाही आणि दिसतही नाही. शेवटी, या आठवड्यात काय चुकले ते सांगायचे. कुणी कुणाला रागवायचे नाही, एवढा एकच नियम आहे.

ताटाचा हिशेबही तिथेच ठरला. अर्धे ताट भाजी आणि कोशिंबीर, पाव ताट डाळ-उसळ, अंडे किंवा मासळी, उरलेल्या पाव भागात भात किंवा भाकरी. आंबेमोहर बंद केलेला नाही. एक वाटी, आणि तोही भाजी-उसळीबरोबर. नाचणीच्या भाकरीने शुगर वाढतच नाही, हा समज मशीननेच खोडून काढला. वाढते. भाकरी एकच खायची. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे अंगणात चालले तर आकड्यात फरक पडतो, हेही त्यांनी स्वतः मोजून पाहिले.

सगळे सुरळीत झाले असे नाही. एका लग्नसराईत तीन आठवडे बैठकच झाली नाही. गटातल्या एकीने गोळ्या सोडून कुणीतरी सांगितलेला काढा सुरू केला होता. तिला परत गोळ्यांवर आणायला दोन महिने लागले. खालाची तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीएवनसी, ९.४ होती. ती आता ७.६ आहे. तिच्या वयाला एवढे चालेल, फार खाली ओढायला जाऊ नका, नाहीतर पुन्हा चक्कर येईल, असे डॉक्टरांनी सांगितले. म्हातारपणी साखर फार कमी होणे हे थोडी जास्त असण्यापेक्षा घातक ठरू शकते, हे घरच्यांनाही कळायला हवे.

या ईदला काय कराल

तुमच्या घरात किंवा शेजारात मधुमेह असलेली वयस्कर बाई असेल, तर चार गोष्टी करता येतील. ती रोजे ठेवत असेल तर तिच्या गोळ्या रमजानसाठी बदलून घेतल्या आहेत का, हे आजच विचारा. नसतील तर उद्याच दवाखान्यात न्या. ती रोजे ठेवत नसेल, तर दुपारचे ताट तिला लपून वाढून घ्यावे लागणार नाही, असे पाहा. इफ्तारला मोमीनपुऱ्यातून मालपुवा आणलात तर तिच्यासाठी फळे आणि उसळही ताटात असू द्या. खजूर एक-दोन पुरेत, सरबताऐवजी पाणी किंवा ताक. घाम, थरथर, गोंधळल्यासारखे बोलणे दिसले की शुद्धीवर असताना तीन चमचे साखर पाण्यातून द्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नका, १०८ ला फोन करा.

आणि ईद झाल्यावर डोळ्यांची, लघवीची आणि पायांची वर्षातून एकदाची तपासणी करून घ्या. शिरखुर्मा तिलाही द्या. लहान वाटीत, साखर कमी घालून, सगळ्यांबरोबर बसवून.

खालाने यंदा फिदयाचे तीस दिवसांचे धान्य वस्तीतल्या एका विधवा बाईच्या घरी पोचवले. पोती रिक्षात चढवायला आक्का होत्या. परतताना आक्कांनी विचारले, "भाभी, ईदच्या दुसऱ्या दिवशी चालायला सुट्टी का गं?"

खाला म्हणाली, "ईदला सुट्टी. दुसऱ्या दिवशी साडेसहाला फाटकाशी ये."